कोबेच्या नोंदीतली तारीख

लग्नानंतरच्या पाच वर्षांत सासूबाईंनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, एक तारीख. ती मी त्यांना खोटी दिली.

नवऱ्याला कावासाकीतल्या एका कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं, तेव्हाची ही गोष्ट. अमेरिकेतल्या नोकऱ्या आटल्या होत्या, म्हणून पुण्यातली बरीच सॉफ्टवेअरची मंडळी त्या सुमारास जपानकडे वळली होती. त्यांच्यामागून आम्ही बायका निघालो होतो, पासपोर्टात डिपेंडंट असा शिक्का घेऊन. मी बॅगेत कुकर बसवत होते. सासूबाई आत आल्या, दार लोटलं आणि त्यांनी एक पाकीट माझ्या हातात दिलं. त्यावर जपानी तिकीट होतं आणि पाठवणाऱ्याचा कोबे शहरातला पत्ता होता, वळणदार इंग्रजी अक्षरात. आत पत्र नव्हतं. ते त्यांच्या आईनं उघडून उघडून फाटलं होतं म्हणे.

"तिकडे जातेच आहेस तर बघ," त्या म्हणाल्या. "माझे वडील कधी गेले, एवढं कळलं तरी पुरे."

घरात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, पण कुणी ती बोलत नसे. त्यांचे वडील मुंबईत एका कापसाच्या पेढीवर कारकून होते. पेढीनं त्यांना कोबेच्या शाखेत पाठवलं, तेव्हा सासूबाई सहा महिन्यांच्या होत्या. मग युद्ध आलं आणि पत्रं थांबली. युद्धानंतर पेढीची बाकी माणसं हळूहळू परत आली, हे आले नाहीत. कुणी म्हणालं बाँबमध्ये गेले, कुणी म्हणालं तिकडेच संसार थाटला. त्यांच्या बायकोनं दोन्हीवर विश्वास ठेवला नाही. ती साताऱ्याला भावाच्या घरी राहिली, कुंकू लावून आणि मंगळसूत्र घालून. बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही की पुतळा करून त्याची क्रिया करतात. भावानं त्यासाठी गुरुजींना घरी आणलं, तर तिनं त्यांना चहा दिला आणि वाटेला लावलं. हळदीकुंकवाला हिला बोलवावं की नाही, हा त्या आळीतल्या बायकांचा कायमचा प्रश्न होता. ती मात्र बोलावणं येवो न येवो, वेळेवर जाऊन बसायची.

ती वारली तेव्हा हिरवी साडी नेसवून, ओटी भरून तिला सवाष्ण म्हणून नेलं. तेव्हापासून सासूबाई दरवर्षी अविधवा नवमी करत. पितृपक्षातला तो दिवस नवऱ्याआधी गेलेल्या बायकांचा. एका सवाष्णीला जेवायला घालायचं, हिरव्या बांगड्या, खण द्यायचा. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्या पाटावर मी बसले होते. सासूबाईंनी मला वाढलं, नमस्कार केला आणि पदरानं डोळे पुसले, आणि मला पुरणपोळी गिळवेना.

वडिलांसाठी मात्र काहीच करता येत नव्हतं. आजेपाडव्याला, म्हणजे घटस्थापनेच्या दिवशी, मुलीच्या मुलानं आईच्या वडिलांना पाणी द्यायचं असतं. ज्याचे स्वतःचे वडील हयात आहेत, त्यानंच ते करायचं. माझे सासरे खुटखुटीत होते, मुलगा एकुलता एक होता, सगळं जमत होतं. फक्त आजोबा मेले आहेत हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि जित्या माणसाच्या नावानं कसं पाणी सोडणार? आई होती तोवर सासूबाईंनी हा विषय काढला नाही. आता आई नव्हती, त्यांचीही साठी उलटली होती. वडील साठ वर्षं तहानलेले आहेत हे त्यांच्या मनात बसलं होतं.

ही तारीख आपल्या हातात सापडली तर ती दोन्हीकडून कापेल, हे माझ्या तेव्हा डोक्यातही आलं नाही. मी पाकीट पर्समध्ये टाकलं आणि कुकरमध्ये गोडा मसाला भरत बसले.

ओजिमात आम्हाला अकराव्या मजल्यावर घर मिळालं. नवरा सकाळी सातला जायचा तो रात्री यायचा. मी कचऱ्याचे वार पाठ केले, स्टेशनचे जिने मोजले आणि तिसऱ्या महिन्यात मला वेड लागायची पाळी आली. तेव्हा वॉर्ड ऑफिसच्या फुकट जपानी वर्गाला नाव घातलं. शिकवायला एक निवृत्त पोस्टमन होते. पत्ते कसे लिहायचे हा धडा आला, त्या दिवशी मी त्यांना ते पाकीट दाखवलं. त्यांनी चष्मा काढून, जवळ धरून ते पाहिलं आणि म्हणाले, या नावाची वस्ती आता राहिली नाही. पण त्यांनी पाकीट लगेच परत दिलं नाही. आयुष्यभर पत्रं पोचवलेल्या माणसाला न पोचलेला पत्ता स्वस्थ बसू देत नसावा.

त्यांनी मला पत्रं लिहायला शिकवलं. कोबेच्या ऑफिसातून फार नम्र उत्तर आलं, की त्या काळातले परदेशी माणसांचे कागद बाँबहल्ल्यात जळाले. लायब्ररीतून व्यापाऱ्यांच्या एका जुन्या सूचीची झेरॉक्स आली. त्यात पेढीचं नाव होतं आणि खाली नोकरांच्या ओळीत सासूबाईंच्या माहेरचं आडनाव, एक अक्षर चुकवून छापलेलं. ती झेरॉक्स घेऊन मी घरभर नाचले. तिकडे सासरे नाशिकला जाऊन आले. तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत गावाच्या नावावरून घराणं शोधतात. त्यांना पान सापडलं. सासूबाईंच्या आजोबांनी स्वतःच्या हातानं सात पिढ्यांची नावं लिहिली होती आणि थोरल्या मुलापुढे लिहिलं होतं, मुक्काम जपान. तेवढंच.

सेन्सेई, म्हणजे ते पोस्टमन मास्तर, म्हणाले, सरकारचे कागद जळतात, देवळांचे जळत नाहीत. प्रत्येक देवळात मेलेल्यांची एक वही असते, काकोचो म्हणतात तिला. आग लागली की भटजी मूर्तीच्या आधी ती वही उचलून पळतो. आम्ही त्या जुन्या वस्तीच्या आसपासच्या अकरा देवळांना पत्रं पाठवली. नऊ ठिकाणांहून नाही म्हणून आलं, एकाचं उत्तर आलं नाही आणि एकानं लिहिलं, या.

मी एकटीच गेले. भटजी तरुण होता. त्यानं कापडात गुंडाळलेली वही आणली, मला हात लावू दिला नाही, स्वतःच वाचून दाखवलं. परकी नावं लिहायच्या कातकाना लिपीत लिहिलेलं नाव, पुढे भारतीय, वय तेहतीस, फुप्फुसाचा आजार. मग बादशहाच्या कारकिर्दीचं वर्ष, महिना, दिवस. शेवटी अंत्यविधी केलेल्या बाईचं नाव, जपानी. मी सगळं उतरवून घेतलं. त्यानं उदबत्ती लावली आणि मला हात जोडायला सांगितलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला दुःखबिख काही झालं नाही. सापडले, एवढंच मनात होतं, आणि मी शोधले याचा अभिमान.

परतीच्या गाडीत मी त्या जपानी वर्षाचं आपलं वर्ष केलं. युद्ध संपल्यानंतरचं तिसरं. दुसऱ्यांदा केलं, तेच आलं. मग बोटांवर मोजलं. सासूबाईंची आई त्यानंतर त्रेचाळीस वर्षं जगली होती.

त्रेचाळीस वर्षं ती विधवा होती आणि तिला ते माहीत नव्हतं. तिचं कुंकू, मंगळसूत्र, जाताना नेसवलेली हिरवी साडी सगळं खोटं ठरत होतं. आळीतल्या ज्या बायका तिला बोलवायला कचरत होत्या, त्याच बरोबर ठरत होत्या. सासूबाईंची नवमी चुकीची ठरत होती, त्या पाटावर बसून मी जेवलेलं जेवणसुद्धा. मला त्या म्हातारीचा कळवळा आला. तिला मी कधी पाहिलंही नव्हतं, पण ती इतकी वर्षं ज्याला धरून उभी राहिली ते मी एका कागदावरून काढून घेणार, हे मला सहन होईना. शिन-ओसाका गेलं, क्योतो गेलं. नागोया येईपर्यंत माझं ठरलं होतं.

रविवारी फोन लावला. सांगितलं, सापडले, आजारानं गेले, देवळात व्यवस्थित सगळं केलंय. "आजी गेल्या ना, त्याच्या पुढच्या वर्षी," मी म्हटलं. जीभ अडखळली नाही.

मग त्यांनी विचारलं, मी नीट वाचलं का. मी हो म्हटलं. "म्हणजे आई होती तोवर ते होते," त्या म्हणाल्या, आणि लगेच तिकडे मेथी मिळते का, असं काहीतरी विचारलं. मला वाटलं, निभावलं.

निभावलं काही नव्हतं. माणूस गेल्याचं कानावर आलं की, कितीही वर्षांनी आलं तरी, डोक्यावरून पाणी घ्यायचं असतं. त्यांनी घेतलं नाही, हे सासऱ्यांनी नंतर मला सांगितलं. भिंतीवरचा वडिलांचा एकुलता एक फोटो त्यांनी काढून ट्रंकेत टाकला. आजेपाडव्याच्या आधी नवऱ्यानं फोनवर विचारलं, मी इथे पाणी सोडू ना? त्या म्हणाल्या, नको. ज्याला पन्नास वर्षांत बायकोला चार ओळी लिहायला सवड झाली नाही, त्याला माझ्या मुलाच्या हातचं पाणी नको.

तेव्हा मला कळलं मी काय करून बसले ते. तेहतिसाव्या वर्षी क्षयानं गेलेला एक कारकून होता. त्याला युद्धात पत्र पाठवता येत नव्हतं आणि नंतर वेळ मिळाला नाही. त्याला मी ऐंशी वर्षांचा करून ठेवलं होतं, बायको कुंकू लावून वाट बघत असताना आरामात म्हातारा झालेला. तरी मी तोंड उघडलं नाही. आज सांगते, उद्या सांगते, फोनवर कसं सांगू, असं करत तीन आजेपाडवे कोरडे गेले. मी भित्री आहे असं मला कधी वाटलं नव्हतं, पण आहे.

दरम्यान त्या देवळाच्या भटजीनं माझं पत्र अंत्यविधी केलेल्या त्या बाईच्या घरी पोचवलं होतं. ओसाकाहून एका बाईचं उत्तर आलं. ती सासूबाईंच्या वडिलांची मुलगी, युद्धात जन्मलेली. तिच्या आईवडिलांचं लग्न कागदावर झालेलं नव्हतं, म्हणून सरकारी कुटुंबनोंदीत वडिलांचा रकाना रिकामा होता. त्या नोंदीची नक्कलच तिनं सोबत पाठवली होती आणि लिहिलं होतं, या रकान्यात कोणतं पूर्ण नाव असायला हवं होतं ते तुम्हाला माहीत असेल तर कृपा करून कळवा. मी नाव लिहून पाठवलं. तिकडे एक मुलगी आहे, हे मी सासूबाईंनाही सांगितलं. त्यांनी एक शब्द विचारला नाही.

चौथ्या वर्षी सासू-सासरे दोन महिन्यांसाठी ओजिमाला आले. सासरे रोज खालच्या बागेत म्हाताऱ्यांबरोबर व्यायाम करायला लागले. सासूबाई गॅलरीत बसून भाजी निवडत. एके सकाळी त्या म्हणाल्या, त्या ओसाकाच्या बाईला भेटायचंय. मी कारण विचारलं. "तिला पन्नास वर्षं बाप मिळाला," त्या म्हणाल्या. "त्या पन्नास वर्षांत त्यांनी घरात कधी आमचं नाव तरी काढलं होतं का, एवढं विचारायचंय."

शिन्कान्सेनच्या वेगवान गाडीत आम्ही दोघीच शेजारी बसलो होतो, अडीच तास. एवढ्या वेळात माणूस काय काय सांगू शकतो. मी त्यांना फुजी दाखवला आणि डब्यातली दशमी दिली.

ती बाई स्टेशनवर न्यायला आली होती. बुटकी, साठीची, ओठांची ठेवण हुबेहूब सासूबाईंची. ती वाकून नमस्कार करत राहिली आणि ओनेसान म्हणाली, म्हणजे ताई. सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. तिचं घर दोन खोल्यांचं होतं. एका कोपऱ्यात लाकडी देव्हारा, त्यात मेलेल्यांच्या नावांच्या काळ्या पाट्या, पुढे वाटीत भात आणि पाणी. सकाळी ठेवलेलं असावं. तिनं चहा केला आणि आम्ही तताम्यांवर, जमिनीवरच्या गवती चटयांवर, बसलो.

सासूबाईंनी आपला प्रश्न विचारला. मी तो जपानीत केला. बाईनं ऐकलं आणि तिचा चेहरा पडला. तिला वाटलं होतं, हे तिनं विचारायचं आणि ओनेसाननं सांगायचं. ते कसे बोलायचे, कसे हसायचे, हे थोरल्या मुलीला आठवत असेल, या आशेवर ती दोन-तीन वर्षं थांबली होती. तिनं मान हलवली आणि एक वाक्य बोलली. मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

त्या खोलीत दोन्ही भाषा येणारी मी एकटी होते. काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. आठवण काढायचे म्हणे, असं म्हटलं असतं तर कदाचित सासूबाईंना बरंही वाटलं असतं. पण समोर दोन म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या. दोघींनाही वाटत होतं, बाप दुसरीला मिळाला. आणि तो कुणालाच मिळाला नव्हता. माझ्याच्यानं पुढे रेटवेना.

"त्यांना आठवत नाही," मी म्हटलं. "वडील गेले तेव्हा त्या चार वर्षांच्या होत्या."

सासूबाई हिशोबाला पक्क्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, देव्हाऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सगळं सांगितलं, वहीतलं वर्ष, वय, आजार. आणि खोटं का बोलले तेही, आजींच्या कुंकवासाठी. रडायला येत होतं ते दाबलं, कारण रडायचा हक्क माझा नव्हता.

त्या ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्या हळू म्हणाल्या, "आईचं काय करायचं ते मी बघितलं असतं. तीन वर्षं मी त्या पोरसवदा माणसाला शिव्या घातल्या. त्याला पाणी तोडलं." माझ्या नवऱ्यापेक्षाही लहान होता तो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, हिला विचार, न्हाणीघर कुठाय.

मी त्या बाईला समजावलं, की ओनेसानला वडील गेल्याचं आज कळलं, आणि आमच्यात असं असतं. तिनं एकही प्रश्न विचारला नाही. त्यांच्यातही अंत्यविधीहून आल्यावर अंगावर मीठ टाकतात. तिनं दिवा लावला, बादली दाखवली. आतून पाण्याचा आवाज येत राहिला. सासूबाई बाहेर आल्या त्या नेसत्या साडीनिशी, केसांतून पाणी गळत. तताम्या भिजल्या. बाईनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं आपले घरचे कपडे काढून दिले, शर्ट आणि ढगळ पँट. जन्मात कधी साडीखेरीज काही न घातलेल्या माझ्या सासूबाई निमूटपणे ते घालून आल्या आणि देव्हाऱ्यापुढे बसल्या. यंदा आजेपाडव्याला नवऱ्याला पाणी सोडायला सांग, एवढं त्या मला म्हणाल्या.

बाई त्यांच्या मागे गुडघ्यांवर बसली आणि टॉवेलनं त्यांचे केस पुसायला लागली. बराच वेळ ती पुसत होती. मग तिनं खाली बघत, थांबत थांबत विचारलं. तिची आई मरेपर्यंत म्हणायची, की त्यांच्या भारतातल्या बायकोला कुणी कळवलं असेल का. आईला पत्ता माहीत नव्हता, लिपी येत नव्हती. ती बाई आपल्यामुळे वाट बघत राहिली असेल, या विचारानं तिला झोप लागत नसे. त्यांना कळलं होतं का?

मी ते मराठीत सांगितलं. आता मी एक अक्षर इकडचं तिकडे करणार नव्हते.

सासूबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. "सांग तिला, कळलं होतं. त्याच वर्षी पत्र आलं होतं. आईनं सगळं केलं, काही राहिलं नाही."

मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"सांग," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं, शब्दाला शब्द. बाईनं टॉवेल मांडीवर ठेवला, दोन्ही हात जमिनीला टेकले आणि कपाळ हातांवर ठेवून ती रडायला लागली. आईला हे ऐकायला मिळायला हवं होतं, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. ज्या कुंकवासाठी मी खोटं बोलले होते, ते त्यांनी त्या खोलीत, माझ्याच तोंडून, पुसून टाकलं होतं.